पोटगी नको, वाटा हवा : अपंगांचा न्याय हा आंबेडकरी चळवळीचाच प्रश्न आहे

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या बौद्धवाड्या, कातकरी वाड्या आणि वीटभट्ट्या आम्ही सामाजिक कामाच्या निमित्ताने फिरत असतो. या फिरण्यातली एक गोष्ट आधी सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही.

रोहा तालुक्यातल्या एका वाडीत जयंतीचा कार्यक्रम होता. आयोजनात आम्हीही होतो. विहार नवा बांधलेला, देखणा, जोते उंच, समोर पाच पायऱ्या. वाडीतला एक तरुण लहानपणापासून दोन्ही पायांनी अपंग आहे. तो तीनचाकी सायकलवर आला आणि पायऱ्यांपाशी थांबला. आत वंदना सुरू झाली, ती त्याने बाहेर बसून म्हटली. भाषणे झाली. शेवटी त्याचे नाव पुकारले गेले, दोघांनी त्याला उचलून मंचाजवळ आणले, ब्लँकेट देऊन सत्कार केला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. रात्री मंडप सोडताना आम्ही त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो म्हणाला, "दादा, ब्लँकेटं घरात चार झाली. मी बारावी कॉमर्स आहे. कमिटीत घ्या ना, जयंतीचा हिशोब मी लिहितो."

आमच्याकडे उत्तर नव्हते. कमिटीच्या बैठका त्याच पाच पायऱ्या चढून विहारात होत होत्या आणि त्याला बोलवावे हे आमच्या कधी मनातही आले नव्हते. आणि त्या दिवशी समतेवर भाषण आम्हीच केले होते.

ब्लँकेट आणि हिशोबाची वही यांत जो फरक आहे, तोच या लेखाचा विषय आहे. ब्लँकेट ही पोटगी आहे. वही हा वाटा आहे. अपंगांना पोटगी द्यायला समाज नेहमीच तयार असतो. वाटा मागितला की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. हे आंबेडकरी माणसाला नवीन वाटू नये.

मनूने काय दिले, काय नाकारले

२५ डिसेंबर १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यात, महाडला, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. त्या ग्रंथाने शूद्रांना आणि स्त्रियांना काय दिले हे आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. पण त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात वारसाहक्काची चर्चा आहे आणि तिथे जन्मांध, जन्मबधिर, मुके, वेडे, मतिमंद, इंद्रियहीन अशा सगळ्यांना वडिलोपार्जित मालमत्तेतून बाद केले आहे, हे आपण फारसे वाचत नाही. त्यांना वाटा द्यायचा नाही, पण जन्मभर अन्नवस्त्र द्यायचे, अशी ती तरतूद आहे. आणि अकराव्या अध्यायात कारणही दिले आहे : आंधळे, बहिरे, मुके आणि विद्रूप लोक मागच्या पापाच्या शिल्लकीमुळे तसे जन्मतात आणि सज्जनांच्या निंदेला पात्र ठरतात.

म्हणजे जात आणि अपंगत्व या दोन गोष्टींचा हिशोब एकाच वहीत, एकाच शाईने लिहिलेला आहे. माणूस खाली का? तर त्याचे कर्म. त्याला हक्क का नाही? तर त्याचा जन्म. महाडच्या त्या होळीत हे पानही जळाले. आपण ते जाळले याची आठवण मात्र आपण ठेवली नाही.

कायद्याला हे पान पुसायला वेळ लागला. इंग्रजांच्या काळात १९२८ च्या कायद्याने अपंगांची वारसाहक्कातली अपात्रता बरीचशी काढली, पण जन्मापासून वेडे किंवा मतिमंद असलेल्यांना बाहेरच ठेवले. पूर्ण मोकळीक मिळाली ती हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम २८ ने. रोग, व्यंग किंवा विद्रूपता या कारणाने कोणालाही वारसाहक्क नाकारता येणार नाही, असे ते कलम सांगते. हा कायदा ज्या हिंदू कोड बिलाच्या तुकड्यांतून आला, ते बिल पुढे सरकू दिले जात नाही हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते. अपंग माणसाच्या सातबाऱ्यावरच्या नावामागे बाबासाहेबांचा झगडा आहे, हे गावातल्या किती जणांना माहीत आहे?

'हरिजन' आणि 'दिव्यांग'

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग' ऐवजी 'दिव्यांग' म्हणावे असे सुचवले. मग कार्यालयांच्या पाट्या बदलल्या, योजनांची नावे बदलली. महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्वतंत्र विभाग झाला, तोही दिव्यांग कल्याण विभाग. स्वतंत्र विभाग झाला हे चांगलेच झाले. पण शब्दाबद्दल आपली भूमिका आपल्या इतिहासातून यायला हवी. आपल्याला 'हरिजन' म्हटले गेले तेव्हा आपण हात जोडले नाहीत. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्या शब्दावरून बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले. देवाची लेकरे म्हणायचे आणि विहिरीवर येऊ द्यायचे नाही, हे सोंग त्यांनी ओळखले होते. अंगात दिव्यत्व आहे म्हणायचे आणि ग्रामपंचायतीच्या दाराला उतार बांधायचा नाही, हे सोंग त्याच जातकुळीचे आहे. आम्ही या लेखात 'अपंग' म्हणतो. ज्यांना दुसरा शब्द हवा असेल त्यांनी तो स्वतः निवडावा. आपले नाव आपण ठेवायचे, हाही हक्कच आहे.

एकाच माणसावर किती ओझी

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द शिकलो. किंबर्ले क्रेनशॉ या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कायदेतज्ज्ञ स्त्रीने तो १९८९ मध्ये मांडला. काळ्या स्त्रीवरचा अन्याय 'काळे' आणि 'स्त्री' असे दोन कप्पे करून समजत नाही, कारण दोन्ही रस्त्यांवरची वाहने तिला एकाच चौकात येऊन धडकतात, असा त्याचा अर्थ. मराठीत आपण त्याला छेदकता म्हणू. आपल्याला हा विचार परका नाही. दलित स्त्रीचे दुखणे ना सवर्ण स्त्रीवादात बसते ना पुरुषांच्या दलित राजकारणात, हे गोपाळ गुरू आणि शर्मिला रेगे यांनी १९९० च्या दशकात मांडलेच होते.

आता हा चौक आपल्या तालुक्यात पाहू. पेणमधली एक कातकरी बाई आम्हाला माहीत आहे. तिचा मुलगा सेरेब्रल पाल्सीमुळे बसू शकत नाही. प्रमाणपत्रासाठी तिने त्याला कडेवर घेऊन तीन खेपा घातल्या. एकदा डॉक्टर नव्हते. एकदा आधार कार्डावरचे नाव जुळले नाही. तिसरी तारीख मिळाली तेव्हा कुटुंब भट्टीवर गेलेले होते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीसाठी बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सरकारी तारखा हे वेळापत्रक पाहत नाहीत. तारखेला भट्टी सोडून यायचे तर मजुरी बुडते आणि मालकाची उचल डोक्यावर असते. आता सांगा, ही बाई आदिवासी म्हणून अडली, बाई म्हणून अडली, मजूर म्हणून अडली की अपंग मुलाची आई म्हणून? आदिवासी विभागाच्या कागदावर तिचा मुलगा नाही आणि अपंगांच्या कागदावर तिची भट्टी नाही.

न्यायालयातही हा प्रश्न गेलेला आहे. आंध्र प्रदेशातल्या एका १९ वर्षांच्या, जन्मापासून अंध, अनुसूचित जातीच्या मुलीवर २०११ मध्ये बलात्कार झाला. 'पाटण जमाल वली' या खटल्यात २७ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. जात, लिंग आणि अपंगत्व एकत्र येऊन अत्याचार कसा घडतो हे न्यायालयाने सविस्तर लिहिले. अपंग साक्षीदाराची साक्ष कमी दर्जाची मानू नये, हेही बजावले. बलात्काराची जन्मठेप कायम ठेवली. पण अॅट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा मात्र रद्द झाली, कारण त्या वेळच्या कलमानुसार गुन्हा जातीच्या कारणानेच झाला हे सिद्ध व्हावे लागे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे एवढे आरोपीला माहीत असणे पुरेसे आहे, असा बदल २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. तो तिच्या उपयोगाचा नव्हता. अन्याय तिच्यावर तिन्ही बाजूंनी एकदम झाला आणि कायदा तिला विचारत राहिला, यातले नेमके कारण कोणते?

आणखी एक उदाहरण. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्यात सिकलसेल आला. विदर्भात हा आजार बौद्धांमध्ये आणि आदिवासींमध्ये मोठ्या प्रमाणावर आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये नोकरीतले ४ टक्के आरक्षण कोणाला ते लिहिले आहे आणि त्या यादीत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार नाहीत. प्रमाणपत्र मिळते, नोकरीतला वाटा मिळत नाही. पुन्हा तेच, पोटगी आहे आणि वाटा नाही. आरक्षण हा शब्द ऐकताच उठून उभ्या राहणाऱ्या आपल्या संघटनांनी या कलमावर किती मोर्चे काढले?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण २.२१ टक्के होते, अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. हा फरक नशिबाने पडत नाही. बाळंतपणाला वेळेवर दवाखाना न मिळणे, पोटाला पुरेसे नसणे, धोक्याचे काम आपल्याच वाट्याला येणे, यातून तो पडतो. जात माणसाला काम वाटून देते आणि ते काम माणसाचे शरीर मोडते.

न्यायाची तत्त्वे

अमेरिकेत २००५ च्या सुमारास पॅटी बर्न, मिया मिंगस अशा अपंग, बिगर-गोऱ्या कार्यकर्त्यांनी 'डिसॅबिलिटी जस्टिस' हा विचार पुढे आणला. अपंगांच्या हक्कांची चळवळ गोऱ्या, सुस्थितीतल्या अपंगांभोवतीच फिरते, अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्या 'सिन्स इनव्हॅलिड' या गटाने या न्यायाची दहा तत्त्वे मांडली. ती जशीच्या तशी उचलण्याची गरज नाही. त्यातली महत्त्वाची आपल्या भाषेत आणि आपल्या अनुभवातून सांगतो. छेदकता हे पहिले तत्त्व, ते वर आलेच.

नेतृत्व ज्याचे दुखणे त्याचे. गोलमेज परिषदेत अस्पृश्यांच्या वतीने दुसरे कोणी बोलू शकत नाही, असे बाबासाहेबांनी ठणकावले. हेच तत्त्व अपंगांना लागू करताना आपली जीभ अडखळते. दुसऱ्यांनी निर्णय घेतला की काय होते ते १९९४ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. पाळीच्या वेळी स्वच्छता राखणे अवघड जाते, हे कारण दिले गेले. त्या मुलींना कोणी विचारले नव्हते. विरोध केला तो स्त्री संघटनांनी.

माणसाची किंमत त्याच्या उत्पादनावर ठरत नाही. पेणच्या गणपती कारखान्यांत, धाटावच्या कंपन्यांत, वीटभट्टीवर माणसाची किंमत त्याच्या हाताच्या वेगावर ठरते. वेग गेला की माणूस गेला. मुंबई–गोवा महामार्गावर पाय गमावलेला पोरगा घरात 'बसून खाणारा' होतो. एक माणूस, एक मूल्य असे आपण म्हणतो. त्यात 'काम करत असेल तर' अशी अट नाही.

कोणीही एकट्याच्या बळावर जगत नाही. 'स्वतःच्या पायावर उभे राहा' हे वाक्य आपल्या भाषणांत फार येते. पाय नसलेल्याने ते कसे ऐकायचे? अखेरच्या वर्षांत बाबासाहेबांची दृष्टी अधू झाली होती, पाय साथ देत नव्हते, मधुमेहाने शरीर पोखरले होते. माईसाहेबांचा, नानकचंद रत्तूंचा आधार घेऊन त्यांनी काम केले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्याच काळात पुरा झाला आणि नागपूरची धम्मदीक्षाही त्याच काळात झाली. आधार घेतल्याने त्यांचे तेज कणभरही कमी झाले नाही.

अपंगांमध्ये उतरंड नको. पायाने अपंग असलेला मतिमंदाला हसतो, आणि मनोरुग्णाला तर कोणीच आपल्यात धरत नाही. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती इथेही आहे. प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी हवा असतो.

सोय ही सगळ्यांची जबाबदारी. महाडला आपण केवळ तहान भागवायला गेलो नव्हतो, समतेचा हक्क प्रस्थापित करायला गेलो होतो. कोणी घागर भरून वाडीत आणून दिली असती तर तहान भागली असती, सत्याग्रह झाला नसता. अपंग माणसाला दोघांनी उचलून आत नेणे म्हणजे ती आणून दिलेली घागर आहे. उतार बांधणे म्हणजे तळे खुले करणे आहे.

आपल्या घरातले केर

आता आपल्याकडे वळू. मागच्या जन्मीचे पाप हे वाक्य आम्ही बौद्ध घरांतही ऐकले आहे, अपंग मुलाच्या आईच्या तोंडून, रडत रडत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत स्पष्ट नाकारला आहे. गरिबांच्या आणि दीनांच्या अवस्थेची जबाबदारी समाजावरून आणि राज्यावरून झटकण्यासाठी तो वापरला जातो, असा त्यांचा आरोप आहे. त्या आईला हे कोणी सांगितले नाही. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, पण कर्मफळाची भीती तिच्या घरातून काढायला गेलो नाही.

बौद्ध म्हणून आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू. विनयपिटकात आंधळे, बहिरे, मुके, लंगडे, हातपाय तुटलेले अशांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. आणि त्याच विनयात, अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी स्वतःच्या हातांनी धुतले, आणि जो माझी सेवा करू इच्छितो त्याने रुग्णाची सेवा करावी असे सांगितले, ही कथाही आहे. यातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे ठरवण्याची बुद्धी बाबासाहेबांनी आपल्याला दिली आहे. ग्रंथात आहे म्हणून मानायचे, ही आपली परंपरा नव्हे.

काही मित्र म्हणतात, आधी जातीचा प्रश्न सुटू द्या, मग हे बघू, नाहीतर चळवळ फुटेल. मित्रांनो, हे वाक्य ओळखीचे वाटत नाही का? आधी स्वराज्य, मग अस्पृश्यता, असे काँग्रेसवाले म्हणत. आधी वर्गक्रांती, मग जात, असे कम्युनिस्ट म्हणत. आपण दोघांचेही ऐकले नाही. आता आपल्याच वाडीतल्या अपंगाला आपण तेच ऐकवणार आहोत का? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ मध्ये आले, तेव्हा चळवळीतल्या स्त्रियांची नावे उजेडात आली. चळवळीतल्या अपंगांची नावे अजून यायची आहेत.

उलट बाजूने अपंगांच्या संघटनांनाही आमचा प्रश्न आहे. तुमच्या बैठकीत जात कधी बोलली जाते का? कातकरी वाडीत तुमचे शिबिर कधी होते का? एकजूट दोन्ही बाजूंनी चालत यावी लागते.

काय करायचे

पेण आणि रोह्यातल्या तरुणांनी हातात घ्यावीत अशी कामे आम्हाला दिसतात ती अशी.

१. प्रत्येक विहाराला आणि समाजमंदिराला उतार बांधावा. डीजेच्या एका रात्रीच्या पैशात तो होतो की नाही, याचा हिशोब प्रत्येक कमिटीने एकदा करून पाहावा.

२. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत त्याचा लेखी हिशोब मागावा. नाही दिला तर माहिती अधिकारात अर्ज टाकावा.

३. २०१६ च्या कायद्याचे कलम ३७ सांगते की घर व शेतजमीन वाटपात आणि दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के वाटा ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांचा आहे आणि त्यात स्त्रियांना प्राधान्य आहे. घरकुलाची यादी लागली की हे कलम घेऊन बसावे.

४. प्रमाणपत्राची शिबिरे कातकरी वाड्यांवर भरवावीत आणि ती जून ते दिवाळी या काळात भरवावीत, अशी मागणी दोन्ही तालुक्यांतून एकत्र जावी.

५. अपंग दलित किंवा आदिवासी व्यक्तीवर अत्याचार झाला तर फिर्यादीत अॅट्रॉसिटी कायद्याबरोबर २०१६ च्या कायद्याचे कलम ९२ लावण्याचा आग्रह धरावा. अपंग व्यक्तीचा लोकांसमोर जाणूनबुजून अपमान करणाऱ्याला त्यात ६ महिने ते ५ वर्षे कैद आहे.

६. कमिटीत जागा द्यावी. सत्काराची खुर्ची वेगळी आणि निर्णयाची खुर्ची वेगळी. आम्ही दुसरीबद्दल बोलतो आहोत.

त्या वाडीतला तरुण आता कमिटीत आहे. बैठक विहारासमोरच्या अंगणात होते. त्याने लिहिलेला पहिला हिशोब वाचून दाखवला तेव्हा मंडपाच्या खर्चावरून तासभर भांडण झाले आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज त्याचा होता. त्याला कोणी 'बिचारा' म्हटले नाही. उतार अजून व्हायचा आहे. त्याचा प्रस्ताव त्याने स्वतः मांडला आहे आणि तो मागे घ्यायला तयार नाही.

२० मार्च २०२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला १०० वर्षे पूर्ण होतात. पेण आणि रोह्यातून गाड्या भरून निघतील. गाडी काढण्याआधी एक काम करा. आपल्या वाडीत असे कोण आहे जे आजवर एकदाही महाडला गेलेले नाही, याची यादी करा. मग पहिली गाडी त्यांच्या दारात लावा.

जय भीम! नमो बुद्धाय!